पेणचा एक, रोह्याचा एक

१७ ऑक्टोबर १९४० या दिवशी वर्ध्याजवळच्या पवनार गावात पंचेचाळीस वर्षांचा एक काटकुळा माणूस बोलायला उभा राहिला. कुठे, कधी आणि कशाबद्दल बोलणार हे त्याने अधिकाऱ्यांना आधीच कळवले होते. म्हणणे एवढेच होते की हिंदुस्थानने या युद्धाला माणसे देऊ नयेत आणि पैसाही देऊ नये. युद्धाला विरोध करायचा तर तो अहिंसेनेच करावा. पुढचे काही दिवस तो आसपासच्या गावांतून हेच सांगत फिरला आणि २१ ऑक्टोबरला देवळीत त्याला अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची. देशभर लोक एकमेकांना विचारू लागले, की हे विनोबा भावे कोण?

गांधीजींनाही तो प्रश्न अपेक्षित असावा. ‘हरिजन’मध्ये त्यांनी विनोबांची ओळख करून देणारा लेखच लिहिला. पहिला सत्याग्रही म्हणून नेहरू, पटेल, राजाजी अशी नावे लोकांच्या मनात असताना त्यांनी सूत कातणारा, गीतेवर बोलणारा, राजकारणाच्या व्यासपीठावर कधी न दिसणारा माणूस निवडला. नेहरूंचा क्रमांक दुसरा लागला.

विनोबा मूळचे आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातले. विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, आणि मुले आई रखुमाई व आजोबा शंभुराव यांच्याजवळ गागोद्यात. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराला विनायक बडोद्याला गेला. तोवर मनाची जी काही घडण व्हायची ती भातखाचरे आणि डोंगर यांच्यामधल्या त्या लहान गावात झाली. झाडाचा फणस घरी आला की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गरे पोचवायचे आणि मग आपण खायचे, हा आईचा शिरस्ता त्यांनी आयुष्यभर सांगितला.

गागोद्यात हे मूल चार महिन्यांचे असताना, १४ जानेवारी १८९६ रोजी, याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी दुसरे मूल जन्मले. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. घराणे रोह्याचे. हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली, आणि केंब्रिजला जाऊन १९१८ मध्ये तो आयसीएसच्या परीक्षेतही पहिला आला. विनायक भाव्यांनी १९१६ साली आपली शाळेची प्रमाणपत्रे चुलीत टाकली, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसूनही ते सुरतेला उतरले, आणि तिथून काशी गाठली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधींशी भेट झाली. एकाने प्रमाणपत्रे जाळली, दुसऱ्याने मिळवता येतील तेवढी मिळवली. दोघांनीही आपापल्या परीने देशाचे काम केले, आणि दोघांवरही एकेकदा अशी वेळ आली की मनातले उघड बोलायचे तर हातातले सोडावे लागणार होते.

उच्चारस्वातंत्र्याबद्दल आपण बोलू लागलो की राज्यघटनेचे कलम १९ आठवते, न्यायालये आठवतात. मला मात्र आधी ही दोन माणसे आठवतात. त्या स्वातंत्र्याची किंमत किती आणि त्याची हद्द कुठे, हे त्यांच्या दोन बोलण्यांमधून जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे दिसलेले नाही.

आधी १९४०.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. कोट्यवधी माणसांना युद्धात ओढताना त्यांच्या एकाही प्रतिनिधीला विचारले नव्हते. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम आले आणि युद्धाच्या कामात अडथळा येईल असे काहीही बोलणे गुन्हा ठरले. ऑगस्ट १९४० मध्ये व्हाइसरॉयने जो देकार दिला त्यात स्वराज्याची तारीख नव्हती. काँग्रेसमधल्या तरुणांना मोठे आंदोलन हवे होते. गांधींना ते नको होते, कारण त्या सप्टेंबरात लंडनवर रोज रात्री बाँब पडत होते आणि अडचणीत सापडलेल्याचा गळा धरणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते.

म्हणून त्यांनी मागणे बारीक केले. सप्टेंबरअखेर सिमल्यात ते व्हाइसरॉयला दोनदा भेटले. स्वराज्याचे पुढे पाहू, आज आम्हाला फक्त युद्धाविरुद्ध बोलू द्या, एवढे त्यांचे म्हणणे. लिनलिथगोंनी ब्रिटनमधल्या रिवाजाचा दाखला दिला. तिथे ज्याची सदसद्विवेकबुद्धी लढू देत नाही त्याला लढण्यातून सूट मिळते आणि त्याला आपले मत उघड सांगताही येते. पण सैनिकांना किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांना काम सोडायला सांगता येत नाही. हिंदुस्थानात याहून अधिक मिळणार नाही, असे उत्तर आले.

हे उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचले आहे आणि ते मला फालतू वाटत नाही. हिटलर जिंकला असता तर गागोद्यात काय आणि वर्ध्यात काय, कुणालाच काही बोलता आले नसते. डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांनी फॅसिझमचा पराभव आधी पाहिला आणि युद्धाला पाठिंबा दिला. त्यांना कुणी इंग्रजांचे मिंधे म्हणून मोडीत काढू नये. घराला आग लागलेली असताना पाणी ओतणाऱ्याचा हात धरू नये, या म्हणण्यात तथ्य आहे. पण लिनलिथगोंच्या तुलनेतच त्याचे उत्तर होते. ब्रिटनमधल्या माणसाने ज्या युद्धापुरता हात आखडला ते युद्ध त्याच्या पार्लमेंटने ठरवलेले होते. इथे कुणालाच विचारलेले नव्हते. ज्याला विचारले नाही त्याच्या तोंडावर बंदी घालायची, आणि त्या बंदीला विचारलेल्या माणसाच्या बंदीचे माप लावायचे, हा न्याय होत नाही.

गांधींनी मग विनोबांना बोलावले. तुमच्या हातातल्या कामांतून मोकळे होऊन हे करता येईल का, असे विचारले. विनोबांनी नंतर सांगितलेली आठवण अशी, की तुमचे बोलावणे म्हणजे यमाचे बोलावणे, त्यासाठी मला परत पवनारलाही जायला नको, असे त्यांनी उत्तर दिले.

या सत्याग्रहाचे नियम वाचताना मी थबकतो. एकाने बोलायचे, जमाव करायचा नाही. अधिकाऱ्याला आधी वेळ आणि जागा कळवायची, म्हणजे पोलिसांची धावपळ होऊ नये. सत्याग्रहीच्या मनात इंग्रजाविषयी द्वेष असता कामा नये. नाताळात इंग्रज अधिकाऱ्यांना सण साजरा करता यावा म्हणून डिसेंबरअखेरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सत्याग्रह थांबवण्यात आला. ज्या सरकारविरुद्ध लढायचे त्याच्या सुट्टीची काळजी घेणारा लढा! सुभाषबाबूंसारख्यांना हे बुळबुळीत वाटले असेल. मला यात बोलण्याच्या हद्दीचा सगळ्यात खरा विचार दिसतो. खोटे नाही, भडकावणे नाही, लपवाछपवी नाही, गर्दीच्या आडोशाला उभे राहणे नाही. इतक्या मर्यादा स्वतःहून घालून घेतल्यावर उरले ते केवळ मत. आणि सरकारला तेही चालले नाही. विनोबांच्या शांत बोलण्याने साम्राज्य उघडे पडले ते असे. ते बेतालपणे बोलले असते तर सरकारला सबब मिळाली असती.

सरकारने दुसरी गोष्ट केली ती मला अटकेहून महत्त्वाची वाटते. १८ ऑक्टोबरला, म्हणजे भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, पुण्यात छापल्या जाणाऱ्या ‘हरिजन’ला नोटीस आली. विनोबांचा सत्याग्रह, त्यांची भाषणे, पुढच्या घडामोडी यांबद्दलचा मजकूर दिल्लीच्या मुख्य वृत्तपत्र सल्लागाराला दाखवल्याशिवाय छापू नये. गांधींनी तो मजकूर दिल्लीला पाठवला नाही. ‘हरिजन’, ‘हरिजनबंधु’ आणि ‘हरिजनसेवक’ अशी इंग्रजी, गुजराती आणि हिंदी तिन्ही साप्ताहिके त्यांनी स्थगित केली. कागद बंद झाला तर माणसांनी चालती वर्तमानपत्रे व्हावे, असे त्यांनी लोकांना सांगितले. ही पत्रे पुन्हा निघाली ती थेट जानेवारी १९४२ मध्ये. ओळ न् ओळ तपासून घेऊन लिहिण्यापेक्षा न लिहिणे त्यांना बरे वाटले. लिहिणाऱ्याने आपली हद्द आपण आखावी, दुसऱ्याच्या टेबलावर ती आखायला पाठवू नये, हा त्यातला अर्थ.

विनोबांनंतर नेहरू. त्यांना सत्याग्रहाआधीच, ३१ ऑक्टोबरला, अलाहाबादजवळ पकडले आणि गोरखपूरला आधी केलेल्या भाषणांबद्दल चार वर्षांची शिक्षा ठोठावली. नुसत्या भाषणांबद्दल चार वर्षे! हे लक्षात ठेवावे, कारण नेहरूंचे नाव या हकिकतीत पुन्हा दोनदा येणार आहे आणि तेव्हा ते आरोपीच्या पिंजऱ्यात नसतील. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक माणसे अशी एकेक करून तुरुंगात गेली. विनोबा तीनदा गेले. नागपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘स्वराज्यशास्त्र’ सांगितले.

आणि त्या वेळी रोह्याचे देशमुख कुठे होते? ते रिझर्व्ह बँकेत होते. १९३९ मध्ये ते बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. विनोबा खेड्यात उभे राहून युद्धाला पैसा देऊ नका म्हणत होते, त्याच काळात युद्धाच्या खरेदीचे पौंड लंडनच्या खात्यात जमा होत होते आणि त्यांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या जात होत्या. पेणच्या माणसाने जे देऊ नका म्हणून सांगितले, त्याचा हिशेब रोह्याच्या माणसाच्या वहीत पडत होता. देशमुखांना कुणी यावरून दोष देऊ नये. लंडनमध्ये साठलेले हे येणे पुढे हिंदुस्थानच्या पदरात पडावे म्हणून त्यांनी जिवापाड भांडण केले. पण बोलणारा माणूस आणि खुर्चीवर बसलेला माणूस यांच्यातले अंतर केवढे असते ते इथे दिसते. खुर्चीवरचा माणूस बोलत नाही. त्याला ठाऊक असते पुष्कळ, आणि म्हणूनच तो बोलत नाही.

मध्येच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण फक्त शिकलेल्या उच्चवर्णीयांच्या धैर्याची कहाणी होईल. विनोबांना पवनारला उभे राहायला जागा होती आणि देशमुखांना पुढे लोकसभेत बाक मिळाला. याच कुलाबा जिल्ह्यात बोलायला उभे राहण्याइतकी जमीनही ज्यांना कुणी देत नव्हते अशी माणसे होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांची दुसरी परिषद भरायची तेव्हा मांडवासाठी गावात जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली आणि तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. चवदार तळ्यावर जायला न्यायालयाचा मनाईहुकूम होता, तो बाबासाहेबांनी पाळला. इंग्रज सरकारच्या नोटिशीआधी गावाची नोटीस असते. ती कागदावर नसते. मांडवाला जागा देऊ नका, किराणा देऊ नका, शेत कसायला देऊ नका, असे तिचे शब्द असतात. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांची शेते न कसण्याचा निर्णय केला आणि १९३९ पर्यंत ती ओस ठेवली. एक वाक्य बोलल्याची किंमत सहा पावसाळे. त्यांचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढला, कारण कुळांची बाजू छापणारे पत्र कुळांनाच काढावे लागणार होते. बोलण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मिळण्याआधी पोटाने सोसावे लागते, हे या जिल्ह्याला दिल्लीने शिकवलेले नाही.

आता १९५६ कडे जायचे, पण वाटेत १९५१ लागते. राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले त्याला दीड वर्षही झाले नव्हते. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन साप्ताहिकांच्या बाजूने निकाल दिला: डाव्या विचारांचे ‘क्रॉसरोड्स’, ज्याच्यावर मद्रास सरकारने बंदी घातली होती, आणि हिंदुत्ववादी ‘ऑर्गनायझर’, ज्याला दिल्लीत मजकूर आधी तपासून घ्यायचा हुकूम झाला होता. एक डावे, एक उजवे. न्यायालयाने दोघांनाही एकाच मापाने मोजले. जून १९५१ मध्ये नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून घेतली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही कारणे बंधनांच्या यादीत घातली. बंधने ‘वाजवी’ असावीत हा शब्दही त्याच वेळी आला आणि पुढे न्यायालयांना तोच कामी पडला. फाळणीतल्या कत्तली ताज्या होत्या, तेलंगणात बंदुका चालू होत्या. नेहरूंची भीती खोटी नव्हती. तरी भाषणाबद्दल चार वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाने हे करावे याचे मला आजही वाईट वाटते. सत्तेत गेल्यावर माणूस वाईट होतोच असे नाही, पण त्याला अडचणी दिसू लागतात, आणि आपल्याला अडचण करणारे बोलणे हेच देशाला अडचण करणारे आहे असे त्याला वाटू लागते. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. जॉन मथाई मतभेदांवरून बाहेर पडल्यावर १९५० मध्ये ते त्या जागी आले होते. १९५२ मध्ये ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मराठी भाषकांना मुंबईसह राज्य त्यात नव्हते. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे सांगितले आणि मुंबई पेटली. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी पुढचे काही दिवस गोळ्या चालवल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या १०५ हुतात्म्यांचा जो आकडा आपण पिढ्यान्‌पिढ्या उच्चारतो, त्यातले बरेच जण या एका आठवड्यातले.

त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, देशमुखांचा आवाज आकाशवाणीवर होता. आयुर्विमा व्यवसाय सरकार ताब्यात घेत असल्याची घोषणा ते करत होते. गुप्तता इतकी पाळली होती की विमा कंपन्यांना सुगावा लागला नाही. अर्थखाते असे चालावे लागते. पण मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांची प्रेते पडली त्यांच्याबद्दल अर्थमंत्र्याने काय बोलायचे? मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक. आत वाद घालावा, बाहेर एकच सूर लावावा, आणि तो लावता येत नसेल तर बाहेर पडावे. या बंधनात मला काही वाईट दिसत नाही. सरकार म्हणजे चौकातला पार नव्हे. देशमुखांनी त्याच जानेवारीत राजीनामा देऊ केला. तो मागे राहिला, अंदाजपत्रक आले, महिने गेले. जूनमध्ये मुंबईत नेहरूंनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. देशमुखांना हे मंत्रिमंडळात ठरलेले आठवत नव्हते.

जुलैत राजीनामा स्वीकारला गेला. बाहेर पडणाऱ्या मंत्र्याला सभागृहात निवेदन करता येते, तसे २५ जुलै १९५६ रोजी देशमुख लोकसभेत उभे राहिले. सहा वर्षे त्याच सभागृहात आकडे वाचून दाखवणारा माणूस आता हिशेब विचारत होता. त्यांचे आक्षेप दोन. मुंबईबद्दलचे निर्णय मंत्रिमंडळाला डावलून, घटनेच्या रीतीला सोडून झाले. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार नाही. यावरून पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राबद्दल आकस आहे, असे त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले. नेहरूंनी उत्तर दिले. पंतप्रधान हाच सरकारचा आस असतो, त्याने धोरणाबद्दल बोलूच नये हे म्हणणे कसे चालेल, असा त्याचा मथितार्थ.

महाराष्ट्रात या भाषणाने जो आनंद झाला तो आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने पुष्कळ सांगितला. ‘चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद ओवाळून टाकले’ हे वाक्य कोकणात आजही ऐकू येते. मला स्वतःला राजीनाम्याइतकाच चौकशीचा मुद्दा मोलाचा वाटतो. आकस होता की नव्हता हे मनातले; त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि कदाचित देशमुख तिथे रागाच्या भरात थोडे पुढे गेले. पण चौकशी मागणे म्हणजे माझे खरे माना असे म्हणणे नव्हे. काय घडले ते सगळ्यांसमोर बाहेर येऊ द्या, त्यात मीही खोटा पडलो तर पडू द्या, असे ते म्हणणे असते. मोकळ्या बोलण्याची मागणी आणि चौकशीची मागणी या एकाच मुळातून फुटतात. न्यायालयीन चौकशी झालीच नाही. मराठी-गुजरातींचे विशाल द्वैभाषिक राज्य आले, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबरात सुरू झाला, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या डफाने मैदाने भरली आणि १ मे १९६० ला राज्य मिळाले. कुणाच्या हुकुमाने, किती फैरी, कुठून, कशासाठी, याचा कागद मात्र राज्याबरोबर मिळाला नाही.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यांनी ‘मेघदूता’चे मराठीकरण केले, सत्तेच्या राजकारणात ते पुन्हा फारसे रमले नाहीत.

विनोबांची कहाणी मात्र इथे संपत नाही आणि पुढचा भाग सांगणे जड जाते.

२५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्षाचे मौन धरले. ते चालू असताना जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्यांचे अनेक सर्वोदयी सहकारी आणि स्वतः जयप्रकाश नारायण तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर तपासणी बसली. अशा वेळी पवनारहून दोन शब्द बाहेर पडले: अनुशासन पर्व. महाभारतातल्या एका पर्वाचे नाव. बघता बघता ते सरकारी घोषवाक्य झाले, भिंतींवर रंगवले गेले. आणीबाणीला साक्षात विनोबांचा आशीर्वाद आहे असा त्याचा अर्थ देशभर पोचला. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरवून देश पूर्वपदावर यावा असेही म्हटले गेले. पण हा खुलासा भिंतींवर कुणी रंगवला नाही.

पुष्कळांनी विनोबांना यासाठी क्षमा केली नाही. मला वाटते त्यांची चूक झाली, आणि ती भाबडेपणाची नव्हती. १९४० मध्ये जे त्यांनी स्वतः जगून दाखवले ते ते विसरले: शब्द ऐकणाऱ्याला उलट बोलता आले तरच तो बोलणाऱ्याच्या मालकीचा राहतो. बाकी सगळ्यांची तोंडे बांधलेली असताना एकट्याला जे बोलू दिले जाते ते त्याचे उरत नाही. ज्याच्या हातात रंगाचा डबा त्याचे ते होते. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री, मंचावर बसलेले. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सभेला सांगितले आणि सभा उठून उभी राहिली. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. त्या दिवशी पवनारच्या जुन्या वाटेने चालत होत्या त्या दुर्गाबाई.

१९७६ च्या मे महिन्यात विनोबांनी जाहीर केले की गोहत्याबंदी झाली नाही तर आपल्या वाढदिवसापासून, ११ सप्टेंबरपासून, आपण उपोषण करू. त्या मागणीबद्दल कुणाचे काहीही मत असो. ऐंशी वर्षांच्या माणसाने आपल्याच प्राणांबद्दल केलेले ते निवेदन होते. तपासणीने ती बातमी वर्तमानपत्रांत येऊ दिली नाही. आश्रमातल्या भगिनी ‘मैत्री’ नावाचे मासिक चालवत, त्यात ती छापली गेली. मग पोलीस आश्रमात आले आणि त्यांनी ‘मैत्री’चे अंक जप्त करून नेले. गाव पवनारच, नदी धामच, आणि भाषण करणाराही तोच. १९४० च्या ऑक्टोबरात त्याचे शब्द छापू नका म्हणून ‘हरिजन’ला नोटीस आली होती, तेव्हा सरकार इंग्रजांचे होते.